आज घसा बरा आहे ना

दोघी बहिणींना एकच आजार होता, आणि दोघींनी एकाच आठवड्यात उपचार सुरू केले. धाकटी आधी सुधारली. थोरलीला ते बघवलं नाही.

थोरली बेचाळीस वर्षांची. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यावरून ती आधी मेणाचा आणि मग सिरॅमिकचा दात घडवायची. टेबलावर भिंगाचा दिवा, बारीक ब्रश, रंगांच्या छटांची पट्टी, आणि सगळ्यावर प्लास्टरच्या भुकटीचा पातळ थर. दाताच्या कडेला रंग देताना तिचा हात केसभरही हलायचा नाही, आणि गंमत म्हणजे मानही हलायची नाही. ब्रश खाली ठेवला की मान परत हजर. डावीकडे एक झटका, त्याच्याबरोबर खांदा वर, डोळे गच्च मिटलेले. क्षणभराचा कारभार. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटायचं, बसून बसून मान अवघडली असेल.

धाकटी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. तिचं दुखणं घशात होतं. 'हुं' असा आवाज यायचा, कधी एकदा, कधी लागोपाठ सात-आठदा, आणि हनुवटी पुढे जायची. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घ्यायची. पलीकडच्या माणसाला वाटायचं, बाई किती मन लावून ऐकते आहे. एका गृहस्थाने तिच्या साहेबांना मुद्दाम फोन करून सांगितलं होतं की तुमच्याकडे माणुसकी असलेली एकच बाई आहे. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची, आणि सांगतानाही मध्येच 'हुं' करायची.

दोघींच्या वडिलांनाही होतं, पापण्यांचं. घरात त्याला आजार कोणी म्हणत नसे, खोड म्हणत. थोरलीची मान सुरू झाली तेव्हा धाकटी पाळण्यात होती. आईने थोरलीला जवळ बसवून सांगितलं, "तू मोठी आहेस. तू आवर, म्हणजे ती तुझं बघून उचलणार नाही." थोरलीने आवरलं. शाळेत पाच-पाच तास ती मान धरून बसायची आणि सुटी झाली की संडासाचं दार लावून सगळं एकदम सोडून द्यायची. घरीही तसंच, न्हाणीघरात, नळ सोडून.

एवढं करूनही धाकटीला सहाव्या वर्षी सुरू झालंच. तोवर आई थकली होती, आणि एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे बघून येत नाही, रक्तातूनच येतं, ओरडू नका. त्यामुळे धाकटीला कोणी आवर म्हटलं नाही. ती जेवताना 'हुं' करायची, बसमध्ये करायची. वर्गातल्या मुली तिची नक्कल करायच्या तेव्हा ती त्यांच्या नकलेची नक्कल करून दाखवायची. थोरली मात्र दहाव्या वर्षी जे शिकली ते बेचाळीसपर्यंत करत राहिली.

उपचार शोधले ते थोरलीने. गोळ्या घेऊन तिला गुंगी यायची आणि ब्रश थरथरायचा, म्हणून तिने त्या सोडल्या होत्या. मग कुठेतरी वाचलं की गोळ्यांशिवायही इलाज आहे, शिकवण्याचा. टिक, म्हणजे ती आपोआप होणारी हालचाल किंवा आवाज, यायच्या आधी अंगाला काय जाणवतं ते ओळखायचं आणि ती येऊ घातली की तिच्याबरोबर होऊ शकणार नाही अशी दुसरी हालचाल करायची. आठ-दहा बैठका. तिने फोन केले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मिळवल्या, दर गुरुवारच्या लागोपाठच्या दोन वेळा घेतल्या. धाकटी म्हणत होती, माझं काय, चाललंय की. थोरलीने तिला जवळजवळ ओढून नेलं.

औषधांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर ती खोली होती. तीन खुर्च्या, एक आरसा, खिडकीत कोरफडीची कुंडी. मानसतज्ज्ञ मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, पायात पांढरे बूट, बोलताना पुढे झुकणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रत्येकीला घरचं एक माणूस सोबतीला लागेल, सराव करून घेणारं. दोघींनी एकमेकींची नावं दिली. मॅडमनी दोघींना एक-एक कागद दिला. सोबतीच्या माणसाने काय करायचं आणि काय करायचं नाही, ते त्यावर होतं. टिककडे बघायचं नाही, तिच्याबद्दल विचारायचं नाही, तिचं नाव काढायचं नाही, कारण नाव काढलं की ती येते. फक्त सराव केला की शाबासकी द्यायची. थोरलीने तो कागद लॅबमधल्या आपल्या खणात ठेवला. तिला तो दोन दिवसांत तोंडपाठ झाला.

मग मॅडमनी विचारलं, टिक यायच्या आधी काय होतं.

धाकटीने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाली, "घशात लोकरीचा धागा अडकल्यासारखं होतं. शिंकेच्या आधी नाकात होतं ना, तसं. पण इथे." आणि तिने गळ्यावर बोट ठेवलं.

थोरली म्हणाली, काही होत नाही, मान जाते. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, बघत राहू. तीन आठवडे त्या तेच विचारत राहिल्या आणि तीन आठवडे थोरलीकडे तेच उत्तर होतं. आरशासमोर बसून ती स्वतःची मान जाताना बघायची. गाडी निघून गेल्यावर फलाटावर पोचल्यासारखं व्हायचं.

धाकटीला मॅडमनी श्वास शिकवला. धागा जाणवला की तोंड मिटायचं, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, धागा विरेपर्यंत. थोरलीला शिकवलं की हनुवटी किंचित आत घ्यायची, मान हलकीच ताठ ठेवायची आणि समोर बघत राहायचं. घरी टिका मोजायच्या होत्या. थोरलीने वही केली, तास आखले, आकडे नीट लिहिले. धाकटी मोजायचं यंत्र चौथ्या दिवशी बसमध्ये विसरली आणि मग पेनाने तळहातावर रेघा मारू लागली. हात धुतला की हिशोब साफ.

आणि तरीही चौथ्या आठवड्यात धाकटी खोलीत शिरली ती हसतच. सोमवारी दुपारभर एकदाही नाही, म्हणाली. फोनवरचे लोक विचारायला लागलेत की ताई, ऐकताय ना? मॅडम खळखळून हसल्या. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तीही हसली. तिच्या पाळीला मॅडमनी वही चाळली, आकडे जिथल्या तिथेच होते, आणि म्हणाल्या, किती नियमित लिहिता तुम्ही. नापास झालेल्या मुलीचं अक्षर छान आहे म्हणावं, तसं ते थोरलीला लागलं.

त्या दिवसापासून तिचं लक्ष स्वतःच्या मानेवरून उडालं आणि बहिणीच्या गळ्यावर बसलं. धाकटी घरी आली की ती स्वयंपाकघरातून कान लावून असायची. आवाज आला नाही की तिला अस्वस्थ व्हायचं, आला की आतून जरा निवायचं, आणि निवल्याची लाज वाटायची. रोज वीस मिनिटं सराव करणारी मी, आकडे लिहिणारी मी, हिला तिथे नेणारी मी. हिशोब कसाही मांडला तरी उत्तर चुकत होतं.

एका रविवारी तिघी जेवायला बसल्या. आई थोरलीकडे राहायची आणि धाकटी दोन गल्ल्या सोडून, भाड्याच्या खोलीत. त्या दिवशी धाकटी पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत गप्प जेवली. म्हणजे बोलली भरपूर, पण घसा गप्प होता. आईने चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, किती बरं वाटतं तुझ्याकडे बघून. मग तिला थोरलीची आठवण झाली असावी. तिच्याकडे वळून ती म्हणाली, "तुझं काय, तुझं तर पहिल्यापासून कमीच होतं."

थोरली उठली, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून दहा मिनिटं आत राहिली.

सहाव्या आठवड्यात धाकटीने बातमी आणली. अंधांसाठीच्या ग्रंथालयाला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी माणसं हवी होती. तिने नाव दिलं होतं आणि तिला चाचणीला बोलावलं होतं. तीन पानं न थांबता वाचायची. मॅडमबरोबर बसून तिने युक्तीही ठरवली होती. पूर्णविरामाशी धागा जाणवला तर तिथेच श्वास घ्यायचा, ऐकणाऱ्याला ते थांबणंच वाटेल.

थोरलीने ग्रंथालयाची तीच जाहिरात दोन वर्षांपूर्वी पाहिली होती. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला होता आणि महिन्याभराने फाडून टाकला होता. मान गेली की खुर्ची करकरणार, कपडे सळसळणार, कोण घेणार आपल्याला. खरं तर वाचणारी तीच होती. धाकटी लहानपणी तापाने पडायची तेव्हा थोरली तिच्या उशाशी बसून तासन्‌तास वाचायची, वेगवेगळे आवाज काढून. वाचताना मान जात नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं, पण कागद फाडताना तिचा त्यावर भरवसा बसला नव्हता. धाकटीने मात्र शाळा सुटल्यापासून मोठ्याने एक पानही वाचलं नव्हतं. आता ती थोरलीलाच विचारत होती, ताई, तो म्हाताऱ्याचा आवाज कसा काढायचीस गं तू. थोरलीने शिकवला. चार संध्याकाळी शिकवला आणि धाकटीला तो तिच्याहून चांगला जमला.

चाचणी दुपारी तीनला होती. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर कपाटाएवढी खोली, भिंतींना गालिचा ठोकलेला, पानांचा आवाज येऊ नये म्हणून टेबलावर जाड कापड. मध्ये काच आणि अलीकडे यंत्रांपाशी रेकॉर्डिस्ट, गळ्यात हेडफोन अडकवलेले उतारवयाचे गृहस्थ. ते दोघींशी आदराने बोलले. धाकटीने त्यांना माणुसकीवाल्या बाईची गोष्ट सांगितली आणि मध्ये एकदाही घसा वाजला नाही. ते पोट धरून हसले आणि पाणी आणायला बाहेर गेले.

धाकटीने पानं सारखी केली. पेन्सिलीने जागोजागी श्वासाच्या खुणा केलेल्या होत्या. "ताई, तू काचेपलीकडे मला दिसशील अशी बस," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा होता की थोरलीला तो ओळखीचा वाटेना. आपल्याला नसलेली एक गोष्ट त्या चेहऱ्यावर होती, आणि ती तिच्याकडे कायमची राहणार होती.

थोरली तिच्या जवळ गेली, तिची कॉलर सरळ केली आणि हळूच म्हणाली, "आज घसा बरा आहे ना? तो धागा वगैरे काही नाही ना?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. आवंढा गिळला. "नव्हता," म्हणाली, आणि आत गेली.

पहिलं पान चांगलं गेलं. म्हाताऱ्याचा आवाज आला तेव्हा रेकॉर्डिस्टांनी मान डोलावली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, पूर्णविराम बराच लांब असताना, 'हुं' झालं. त्यांनी थांबवलं, काही हरकत नाही म्हणाले, मागून घेऊ. पुन्हा झालं. मग लागोपाठ व्हायला लागलं. धाकटी श्वास घ्यायची, डोळे मिटायची, पुन्हा सुरू करायची, आणि दर दोन ओळींनी तिची हनुवटी पुढे जायची. ती काचेतून थोरलीकडे बघत होती. थोरलीने मान हलवून तिला धीर दिला. शेवटी रेकॉर्डिस्टांनी आतला दिवा लावला आणि म्हणाले, आवाज फार छान आहे तुमचा, दोन महिन्यांनी पुन्हा या.

त्यानंतरचा आठवडा धाकटी रोज संध्याकाळी थोरलीकडे येत होती. श्वासाचा सराव तिने सोडून दिला होता. पहिल्यापेक्षा वाईट झालं होतं, आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. फोनच्या खोलीतून तिने दोन दिवस रजा घेतली. थोरली तिला चहा करून द्यायची, पाठीवरून हात फिरवायची, म्हणायची, होतं असं, माझ्याकडे बघ, मला कुठे गुण आलाय. दोघी खिडकीपाशी बसायच्या, एकीची मान जायची, एकीचा घसा वाजायचा, आणि थोरलीला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं एवढं स्वस्थ वाटायचं. एकदा कप विसळताना तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतो आहोत. तिने नळ बंद केला आणि बराच वेळ ओले हात तसेच धरून उभी राहिली. गुणगुणणं थांबलं, पण आतलं ते सुख काही थांबलं नाही. त्याचीच तिला भीती वाटली.

गुरुवार आला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली. त्यांची पद्धत ठरलेली होती. टिका वाढल्या की त्याच्या आधी काय घडलं ते बारीकसारीक विचारायच्या. झोप झाली होती का, उकडत होतं का, कोण होतं खोलीत. धाकटी उत्तरं देत होती. मग मॅडमनी विचारलं, आत जायच्या आधी कोणी काही बोललं का.

धाकटीने खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं. "ताईने विचारलं घसा बरा आहे का म्हणून," ती म्हणाली. "पण ते काळजीने. तिच्या लक्षात नसेल राहिलं."

ती थोरलीकडे बघत नव्हती. तिला माहीत होतं. थोरलीला कळलं की हिला पहिल्या क्षणापासून माहीत आहे, आणि ही आठ दिवस माझ्याकडे येऊन बसते आहे, माझ्या हातचा चहा पिते आहे आणि मला सांभाळून घेते आहे. तिला वाटलं, गप्प राहावं. गप्प राहिलं असतं तर चाललंही असतं.

"काळजीने नाही," थोरली म्हणाली. "मला माहीत होतं काय होईल. म्हणूनच विचारलं."

धाकटीचा घसा तीनदा वाजला. मॅडमनी तिला विचारलं, आज इथेच थांबायचं का. धाकटीने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, "ताई, तू बाहेर बस."

थोरली बाहेरच्या बाकावर बसली. दाराआडून आवाज येत होता, आधी सतत, मग मधूनमधून. पाऊण तासाने दार उघडलं आणि धाकटी तिच्या समोरून जिना उतरून गेली.

थोरलीची पाळी होती. तिला वाटलं, आत जाण्यात अर्थ नाही, ह्या बाई आता आपल्याशी काय बोलणार. पण मॅडमनी दार धरून ठेवलं होतं. त्यांनी तिला ना दोष दिला, ना समजूत घातली. नेहमीच्या खुर्चीवर बसवून नेहमीसारखंच पुढे झुकून विचारलं, "ते बोलायच्या आधी काय झालं होतं?"

थोरलीने सांगितलं. इथे, छातीच्या वरच्या बाजूला काहीतरी गरम दाटून आलं होतं. वाटलं, बोललं नाही तर फुटेल. बोलले आणि मोकळं झालं. मग लगेच वाईट वाटलं.

मॅडम म्हणाल्या, हे तुम्हाला किती नीट सांगता आलं. आणि मग त्यांनी तिला शाळेबद्दल विचारलं, जे आजवर कोणी विचारलं नव्हतं. संडासाचं दार, नळ, आई काय म्हणाली होती, सगळं बाहेर आलं. मॅडमनी तिला सांगितलं की तुम्ही इतके आठवडे सराव करत नव्हता, लपवत होता. वीस मिनिटं बसून मान आवळून धरत होता, जशी शाळेत धरायचा तशी. तीस वर्षं आतलं काही जाणवू द्यायचंच नाही ही सवय लावल्यावर आता ते कसं जाणवणार. बहिणीने कधी लपवलं नाही, म्हणून तिला तो धागा ठाऊक आहे. तुम्हाला आधी सोडायला शिकावं लागेल.

थोरलीला हे पटलं आणि त्याच दमात रागही आला. म्हणजे जिच्यासाठी आवरलं ती आवरलं नाही म्हणून बरी होणार आणि मी आवरलं म्हणून मागे राहणार. ती तसं म्हणाली. मॅडम म्हणाल्या, हो, हे न्यायाचं नाही. त्यांनी त्यापुढे काही जोडलं नाही, आणि थोरलीला ते बरं वाटलं.

मग धाकटीने येणं बंद केलं. गुरुवारची वेळ तिने बदलून घेतली. फोन उचलायची, पण आईला दे म्हणायची. आईला दोघींनी काही सांगितलं नव्हतं, पण तिला थोडंफार समजलं होतं. ती जे सांगायची त्यावरूनच थोरलीला कळायचं. श्वासाचा सराव पुन्हा सुरू झाला आहे. सोबतीला आता फोनच्या खोलीतली शेजारच्या खुर्चीवरची बाई आहे, दोघी जेवणाच्या सुटीत सराव करतात, फार गुणी बाई आहे म्हणे. थोरलीने त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, पण ती तिला मनातल्या मनात दिवसातून दहा वेळा खुर्चीवरून उठवायची.

इकडे तिने दार उघडं टाकून मान सोडायला सुरुवात केली. आई बघत असताना, चहा पिताना, लॅबमध्ये शेजारचे बघत असताना. पहिले काही दिवस मान दुप्पट गेली. आईने एकदा घाबरून विचारलं, एवढं होतं का गं तुला? थोरली म्हणाली, एवढंच होतं. आई त्या संध्याकाळी तिच्या शेजारी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहिली. दार उघडं टाकल्यापासून पाचव्या आठवड्यात, एका दाताला छटा लावून ब्रश खाली ठेवताना, थोरलीला डाव्या कानामागे काहीतरी जाणवलं. सदऱ्याच्या कॉलरचं लेबल टोचतं ना, तितकंच. आणि मग मान गेली. ती हसली नाही की रडली नाही. तिने ब्रश पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, आणि वाट बघत बसली.

पहिल्या चाचणीला दोन महिने झाले तेव्हा आईने मटार सोलता सोलता सांगितलं की धाकटी दुसऱ्या चाचणीत पास झाली, पहिलं पुस्तकही मिळालं. थोरलीच्या छातीत ते गरम काहीतरी परत दाटलं. तिने ते येऊ दिलं. मग चप्पल घातली आणि दोन गल्ल्या ओलांडून धाकटीच्या खोलीवर गेली.

धाकटीने दार उघडलं, बाजूला झाली. पलंगावर पुस्तक उघडं होतं, हातात पेन्सिल होती. बस म्हणाली नाही. थोरली उभीच राहिली.

"तू धागा म्हणालीस," धाकटी म्हणाली. "नुसता घसा म्हणाली असतीस तरी मी सोडून दिलं असतं. धागा हा शब्द मी मॅडमच्या त्या खोलीतच काढला होता. तुझ्यासमोर."

थोरली म्हणाली, हो. मग म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो. आत्ता आईने सांगितलं तेव्हाही वाटला. पुढेही वाटेल."

"कशाचा? बरं वाटतंय त्याचा की वाचनाचा?"

"तुला कोणी आवर म्हणालं नाही त्याचा."

धाकटीला काही कळलं नाही. थोरलीने सांगितलं तेव्हा ती हळूहळू पलंगावर बसली. पाळण्यातल्या तिच्यासाठी कोणी पाच-पाच तास मान धरून बसत होतं हे तिला तेहेतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगताना थोरलीची मान दोनदा गेली. धाकटी ते बघत राहिली. म्हणाली, मला वाटायचं तुला नावालाच आहे. मला वाटायचं तू फक्त मला सोबत म्हणून येतेस.

मग ती म्हणाली की राग गेलेला नाही, जाईल असं वाटतं, पण कधी ते माहीत नाही. ग्रंथालयात तू येऊ नकोस, म्हणाली. रविवारी जेवायला मी येईन. थोरली बरं म्हणाली. सातला कोणीतरी सरावाला यायचं होतं, म्हणून ती निघाली.

जिन्यात अर्ध्यावर एक बाई वर येताना भेटली. हातात पिशवी, धाप लागलेली, प्रत्येक दाराकडे बघत येत होती. तिने थोरलीकडे पाहिलं आणि चेहऱ्यातलं साम्य तिला दिसलं असावं. विचारलं, तुम्ही त्यांच्या ताई ना, मी त्यांच्या ऑफिसातली, पहिल्यांदाच येते आहे घरी. थोरलीला कानामागे ते टोचलं. तिने हनुवटी आत घेतली, समोर बघितलं, थोडं थांबली. तरी मान गेलीच, अनोळखी बाईच्या समोर, खांद्यासकट. बाईने नजर वळवली नाही.

"दुसऱ्या मजल्यावर, डावीकडचं दार," थोरली म्हणाली. "बेल कधी वाजते कधी नाही. कडी वाजवा."

बाई आभार मानून वर गेली. थोरली कठड्याला धरून उभी राहिली, वर कडी वाजेपर्यंत, आणि मग खाली उतरली.